नेलेलं घर

वैनगंगेच्या काठाने हे पाहायचं असेल तर मे महिन्यात या, आणि सकाळी सातच्या आत या. गोसेखुर्दच्या जलाशयाचं पाणी तेव्हा मागे सरलेलं असतं आणि काठाला भेगाळलेल्या गाळाचा एक रुंद पट्टा उघडा पडतो. दुपारी याच पट्ट्यात काही दिसत नाही; डोक्यावरचं ऊन सगळं सपाट करून टाकतं. सकाळची तिरपी उन्हं मात्र बोटभर उंचवट्यालाही हातभर सावली देतात. त्या सावल्यांत आधी एक रेघ दिसते. डोळा तिच्या मागे मागे जातो. रेघ काटकोनात वळली की समजावं, नदीचा हात इथे संपला आणि गवंड्याचा सुरू झाला. हे घराचं जोतं. मग दुसरं, तिसरं, दोन जोत्यांमधली बोळ, बोळीच्या तोंडाशी पाराचे दगड, आणि बघता बघता एक अख्खा मोहल्ला उभा राहतो. उभा म्हणजे घोट्याइतका.

जमिनीखाली वस्ती असणं भंडारा जिल्ह्याला नवं नाही. पवनीसारखं गाव तर तीन बाजूंचा जुना मातीचा तट, खंदक आणि चौथ्या बाजूची नदी यांच्या कुशीतच वाढलं. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून तिथली जगन्नाथ टेकडी उकरली. शांताराम भालचंद्र देव आणि जगतपती जोशी या कामाचे प्रमुख. हे जोशी म्हणजे धोलावीरा शोधून काढणारेच. देवळाच्या टेकडीच्या पोटातून बौद्ध स्तूप निघाला, त्याच्या कठड्याचे कोरीव खांब निघाले, फणा उभारलेला नागराज मुचलिंद निघाला, आणि ब्राह्मीतली दात्यांची नावंही. ज्यांनी एकेका खांबाचे पैसे दिले ती माणसं दोन हजार वर्षांनी पुन्हा मोजणीत आली. हे सारं पाहायला आपण पोराबाळांना घेऊन जातो. धरणामुळे अलीकडेच उठलेल्या मोहल्ल्याला मात्र पुरातत्त्व म्हणताना जीभ अडखळते. तो आपल्या आत्याचा मोहल्ला असतो ना!

बाहेरच्या जगात ही भीड केव्हाच चेपली आहे. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातली हंगेट ही गरिबांची वस्ती १९३०च्या दशकात पाडली; २००६पासून पाच वर्षं तिथे रीतसर उत्खनन झालं आणि तिथे लहानपण काढलेल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी उत्खननाच्या नोंदींशेजारी लागल्या. न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स या जुन्या वस्तीत १९९१ साली न्यायालयाच्या इमारतीचा पाया खणताना साडेआठ लाख वस्तू मिळाल्या. त्या ठेवल्या होत्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या एका तळघरात. २००१नंतर उरल्या फक्त अठरा, त्याही दुसऱ्या एका प्रदर्शनासाठी उसन्या दिल्या होत्या म्हणून. केपटाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्समधून १९६६च्या वर्णभेदी फर्मानानंतर साठ हजारांवर माणसं हलवली आणि घरांवर बुलडोझर फिरवले. या सगळ्या जागी पाडणारे वेगळे आणि राहणारे वेगळे. म्हणून तिथला ढिगारा एकजीव असतो: कौल, कपबशी, बाहुलीचा हात, सगळं एकाच धक्क्यात मिसळलेलं.

आपल्या काठावरची गंमत वेगळी आहे. इथली बरीच घरं राहणाऱ्यांनीच उतरवली. कवेलू, म्हणजे कौलं, काढले, फाटे मोकळे केले, मयाल, म्हणजे तुळई, खाली घेतली, चौकटी उपटल्या, ट्रॅक्टर भरले आणि नव्या गावठाणात नेले. त्यामुळे हा अवशेष वाचताना काय सापडलं याच्याइतकंच काय सापडत नाही हेही पाहावं लागतं. जे नाही ते चोराने नेलेलं नाही, कुजलेलंही नाही; घरधन्याने निवडून नेलं आहे. ही निवड म्हणजे त्याचं हस्ताक्षर. ते एकदा ओळखू यायला लागलं की माणूस या चिखलातून तासन्‌तास हलत नाही.

आधी मांडणी पाहा. नकाशा काढायचा तर पट्टी बाजूला ठेवावी लागेल, कारण इथली एकही बोळ सरळ नाही. एक बोळ मध्येच अंग चोरते आणि पुढे पुन्हा रुंद होते. का, ते तिथे उभं राहून कळत नाही. चार पावलं मागे या. अंग चोरलं तिथे जमिनीत एक मऊसर, काळपट गोल डाग आहे. ते कडुनिंबाचं खोड होतं. झाड आधीचं, घरं नंतरची. एकाने जोतं हातभर आत घेतलं, समोरच्याने कोपरा गोल केला आणि दोघांच्या मधून बैलबंडी जाईल एवढी वाट ठेवली. कुठल्या कागदावर न उमटलेला हा करार दगडात उतरला आहे. त्यातही गोल केलेल्या कोपऱ्याचा सर्वांत खालचा दगड नीट बघा: बंडीच्या चाकाने त्याला एकाच उंचीवर, एकाच बाजूने घासून खोबण पाडली आहे. करार मोडायचा मोह गाडीवानाला किती वेळा झाला, याचा एवढा प्रामाणिक हिशेब दुसरीकडे मिळायचा नाही.

आता एका जोत्यावर चढू या. समोर सपरी, म्हणजे ओसरी. मागे माजघर, बाजूला रांधणी, पलीकडे सांदवाडी, म्हणजे परस. भिंती मातीच्या होत्या, त्या पहिल्या दोन पावसाळ्यांतच बसल्या असणार. पण मातीची भिंत मरतानाही एक उपकार करून जाते. ती विरघळून जमिनीवर पसरते आणि आतल्या जमिनीला पांघरूण घालते. विटेची भिंत कोसळली असती तर जमीन फोडून गेली असती. या पांघरुणाचाच एक ढेकूळ उचला आणि मोडा. आत बारीक, लांबट पोकळ्या दिसतील, नखाच्या टोकाएवढ्या. भाताच्या तुसाचे ते ठसे आहेत. माती मळताना तूस आणि तणस घातलं, ते कुजून गेलं, त्याचा साचा राहिला. हजारो वर्षांपूर्वी भात कुठे पिकत होता हे ठरवताना अभ्यासक असल्याच ठशांवर भिस्त ठेवतात. इथे तो ठसा गेल्या पिढीतल्या मळणीचा आहे, एवढाच फरक. बांधीतलं पीक खळ्यावर, खळ्यातलं तूस भिंतीत: हे घर आपल्याच शेतातून वर आलेलं होतं.

दाराची जागा शोधायला सपरीच्या मध्याशी या. चौकट नाही, उंबराही नाही. आहे ती उंबऱ्याची बैठक, म्हणजे पायरीच्या दगडामागची एक उथळ खाच, आणि तिच्या दोन्ही टोकांना चौकटीची शिंगं भिंतीत शिरली होती ती दोन भोकं. या भोकांच्या कडा पाहण्यासारख्या आहेत. घाईने चौकट उपटली की भिंतीचा लचका तुटतो, भोक फाटतं. इथे कड चारी बाजूंनी पहारीने हळूहळू मोकळी केली आहे. चौकट सागाची असावी आणि ती पुन्हा बसवायची हे उतरवणाऱ्याच्या मनात पक्कं असावं. ज्या भिंतीला उद्या पाणीच लागणार आहे तिच्यावरही त्याने घाव वाया घालवला नाही. मी खाचेला वीत लावून पाहिली. चार वीत आणि दोन बोटं. पायरीचा दगड डावीकडे झिजलेला आहे आणि उजवीकडे जवळजवळ कोरा. घरात शिरणारी माणसं सगळी डावीकडूनच का शिरत होती? उत्तर उजव्या हाताला, सपरीच्या जमिनीत: एक वाटोळा खळगा, भोवती ओलीने काळी पडलेली माती. तिथे रांजण होता. रांजण गेला, पण त्याला वळसा घालून जाणारी पावलं दगडात राहिली.

छप्पर पाहायचं असेल तर वर बघू नका. जोत्याच्या बाहेर हातभर अंतरावर बारीक खड्यांची एक सरळ ओळ घराला समांतर जाते. वळचणीच्या पागोळ्यांनी ती पाडली आहे. पाणी एकाच रेषेत पडत राहिलं, माती वाहून गेली, खडे मागे राहिले. या ओळीवरून छप्पर जोत्याच्या किती पुढे आलं होतं ते मोजता येतं. आणखी जवळ वाकलात तर खड्यांचे छोटे छोटे पुंजके दिसतील, सारख्या अंतरावर. कवेलूच्या एकेका पन्हाळीतून उतरणारी एकेक धार! एका घरापाशी हे पुंजके जवळजवळ आहेत. ते कुंभाराच्या हातचे, नळीचे गावठी कवेलू. शेजारच्या घरापाशी दूरदूर. तिथे कारखान्याचे चपटे कवेलू आले होते. तिसऱ्याकडे पुंजके नाहीत, नुसती दाट सलग रेघ. तिथे टिन पडलं. एकाही घरावर आज छप्पर नाही, धड कवेलूही कुणी मागे ठेवलेला नाही, आणि तरी तीन पिढ्यांची छपरं पावसानेच लिहून ठेवली आहेत. या काठावर मला सर्वांत आवडणारी ओळ हीच.

घराचा आत्मा मात्र जमिनीत. घरं त्यांच्या जमिनींवरून, चुलींवरून, पेवांवरून वाचायची सवय मराठी पुरातत्त्वाला इनामगावने लावली. १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं डेक्कन कॉलेजची मंडळी घोड नदीच्या काठी ताम्रपाषाण युगातल्या शेतकऱ्यांच्या घरांत अशी वाकून बसली होती. तीच नजर इथे लावा. माजघराच्या जमिनीला एक भेग गेली आहे, तिच्यात छेद आयता मिळतो. वरून खाली कागदाच्या गठ्ठ्यासारखे पापुद्रे दिसतात. गडद, फिका, गडद, फिका. प्रत्येक पापुद्रा म्हणजे एक सारवण, शेणामातीचा एक हात. सणासुदीचे हात जाड, एरवीचे पातळ. भिंतीकडे पापुद्रे दाट आहेत आणि मध्ये विरळ, कारण मध्ये पावलांनी झिजवले. चुलीपाशी त्यांच्यात राखेचे पदर आहेत. आठवड्या-दोन आठवड्यांनी एका बाईने हात फिरवला, तो हात या गठ्ठ्यातलं एक पान झाला. इतकी नियमित रोजनिशी लिहिणारे साहित्यिक आपल्याकडे किती निघतील?

त्या पापुद्र्यांत मला एकदा एक नाणं दिसलं होतं, चार आण्यांचं. गेंड्याचं चित्र असलेलं, स्टीलचं. पुरातत्त्वात असं नाणं म्हणजे घड्याळ: त्याच्या वरचे सगळे थर नाणं पडल्यानंतरचे, यात वाद नाही. हा गेंडा १९८८ साली टाकसाळीतून पहिल्यांदा बाहेर पडला. त्याच वर्षी २२ एप्रिलला पंतप्रधान राजीव गांधींनी गोसेखुर्द धरणाचा पायाचा दगड ठेवला. पुढे जून २०११च्या अखेरीला चार आणे चलनातून गेले. धरणग्रस्तांसाठी सुमारे बाराशे कोटींचं विशेष पॅकेज निघालं ते त्यानंतर दोन वर्षांनी. एका नाण्याचा जन्म आणि मरण त्या ताटकळण्याच्या आत मावलं. नाण्याच्या वर पापुद्रे मोजले तर पुष्कळ भरतात. आता भिंतीकडे वळा. तिच्या बुंध्याशी गिलाव्याचे फक्त दोन हात आहेत, दोन्ही नाण्याच्या खालच्या पातळीचे. नंतर एकदाही नवा गिलावा नाही, कोबा नाही, वाढवलेली खोली नाही. गाव उठणार म्हटल्यावर भिंतीत पैसा कोण घालणार? पण सारवण चालूच राहिलं. भिंत थांबली आणि जमीन थांबली नाही, ही एक गोष्ट कळण्यासाठी मी बोटभर जाडीच्या त्या छेदापुढे सकाळभर बसलो होतो, आणि ती सकाळ मला महाग वाटली नाही.

पलीकडच्या घरांवरून लवकर जाऊ. एका सपरीच्या उजेडाच्या कोपऱ्यात गंजलेला, बोटभर रुंद, लांबट चौकोनी पत्रा आणि अर्धी कात्री. तेंदूचं पान बिडीच्या मापाने कापायचा तो साचा. दोन्ही वस्तू दारापाशी, पश्चिमेच्या अंगाला; दिवेलागणीपर्यंत उजेड पुरवून वापरणारी जागा. ढिवरांच्या आळीत मातीच्या भाजक्या गोळ्या, मधोमध भोक असलेल्या: जाळ्याला बांधायची वजनं. त्यांतल्या काही अशा ठिकाणी सापडतात जिथे आज मे महिन्यातही पाणी चाटून जातं. पाणी स्वतःहून त्यांच्याकडे आलं म्हणायचं, फक्त विचारून आलं नाही.

कोष्ट्याचं घर असेल तर मात्र थांबा. माजघरात भिंतीलगत एक आयताकृती खड्डा असतो, गुडघाभर खोल, कडेला बसायची पाळ. हा मागाचा खड्डा. माग नेला, फणी नेली, धोटे नेले. खड्डा नेता येत नाही. त्याच्या तळाशी दोन उथळ घळी पडलेल्या असतात, शेजारी शेजारी. पावड्या दाबताना टाचा टेकायच्या त्या जागा. उजवी घळ डावीपेक्षा अंमळ खोल. पाळीवर मध्यभागी गुळगुळीत बैठक, आणि तिच्या डाव्या हाताला एक लहानसा कोनाडा, हात लांब न करता पोचेल अशा अंतरावर. कांड्या तिथे ठेवत असणार. मोहाडी, आंधळगावकडच्या करवतकाठी कोशाच्या साड्यांची आपण वाहवा करतो, काठाच्या दात्यांवर बोट फिरवतो. पण विणकराच्या शरीराचा हा साचा, टाचा, बैठक आणि डाव्या हाताची पोच एवढ्यांनी बांधलेला, तो साडीत दिसत नाही. तो या खड्ड्यातच. उणी वस्तू पुरी वाचता येते ती अशी.

मागे राहिलेल्या वस्तूंची यादी फार मोठी नाही. जमिनीत पुरलेलं उखळ, विहिरीचं बांधीव तोंड, तुळशीवृंदावनाचा चौथरा, हनुमंताच्या देवळाचा ओटा. मूर्ती नाही, ती माणसांबरोबर गेली. उखळ जड म्हणून राहिलं असं म्हणता येईल, पण त्याहून जड मयाल नेलीच की. मला वाटतं गिरणी आली तेव्हापासूनच उखळ घरातून मनाने गेलं होतं. पुरावा त्याच्या आतच आहे: तळाची झीज गुळगुळीत आहे आणि तिच्यावर सारवणाचे चार-सहा ओघळ सुकलेले आहेत. रोज कांडलं जात असतं तर ते टिकले नसते.

सर्वांत वरचा थर या गावाचा नाही. काळा, चिकट, वास मारणारा गाळ, त्यात प्लास्टिकच्या पिशव्यांच्या चिंध्या, शाम्पूच्या पुड्या, थर्माकोलचे दाणे. नागपूरची नाग नदी शहराचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्यापाशी वैनगंगेला, आणि मग सगळं इथे येऊन निवांत बसतं. छेदात पाहिलं तर क्रम असा: खाली नदीची जुनी वाळू, वर घराचं जोतं, सारवणाचे पापुद्रे, विरघळलेली भिंत, आणि सगळ्यावर नागपूर. उद्याचा कुणी अभ्यासक हा छेद पाहील तेव्हा त्याला वाटेल, इथे आधी खेडं होतं आणि मग महानगर झालं. फसण्यासारखीच जागा आहे ती. पण पुड्यांच्या थरात चूल नाही, पायरी नाही, पागोळ्यांची ओळ नाही. शहराचा कचरा आला, शहर आलं नाही. थरांची ही चाल ज्याला पकडता येईल त्याला मी उस्ताद म्हणेन.

उन्हं वर आली की रेघा पुसट होतात. मग गाडी काढावी आणि नव्या गावठाणात जावं, कारण हा अवशेष दोन ठिकाणी आहे आणि अर्धा पाहून भागत नाही. तिथे रस्ते आखीव, चौकात हायमास्ट दिवा, घरं सिमेंटची. एकाही बोळीला झाडासाठी अंग चोरावं लागलेलं नाही. पण दोन गल्ल्या फिरा आणि दारांकडे बघत चला. गुलाबी रंगाच्या कोऱ्या भिंतीत मध्येच एक काळीभोर सागवानी चौकट दिसते, भिंतीच्या मानाने ठेंगणी. तिच्या डोक्यावर रिकामी राहिलेली जागा विटांच्या दोन थरांनी भरून काढलेली. शिंगं कापलेली नाहीत. नव्या भिंतीला ती नको होती, तरी ती गिलाव्यातून दोन्हीकडे तशीच बाहेर आली आहेत, कान टवकारल्यासारखी. एका फळीवर लाल रंगातला घराचा जुना क्रमांक अजून वाचता येतो, जिथे तो लागू होता ते गाव पाण्याखाली असूनही.

अशाच एका दारापुढे मी रेंगाळलो तेव्हा मागून म्हातारीचा आवाज आला, "वाकून येजो, बापू. डोक्शाले लागते."

वाकण्याआधी मी चौकटीला वीत लावली. चार वीत आणि दोन बोटं. उंबऱ्याची डावी बाजू होडीच्या तळासारखी झिजलेली होती, उजवी कोरी. उजव्या हाताला नव्या घरात काहीच नव्हतं, मोकळी फरशी. म्हातारी हंडा घेऊन बाहेरून आली, मला बाजूला हो म्हणाली आणि डावीकडूनच आत गेली.